अंबडमधला १५५३ बसचा क्लास: सहा आठवडे करून आले, जसं आहे तसं लिहितेय

विमानाच्या वायरिंगचं काम शिकायचंय, नाशिकमध्ये कुठे शिकवतात का, असं मला गेल्या दोन महिन्यांत पाच-सहा जणींनी विचारलं, सगळ्या सातपूर नाहीतर अंबडला पॅनलच्या कंपन्यांत कामाला आहेत, म्हणून एकदाच नीट लिहिते. मी नऊ वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतेय, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालंय, राहायला सिडकोत. यंदा सहा आठवडे शनिवार-रविवार हा १५५३ बसचा, म्हणजे विमानातली यंत्रं ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्या कामाचा, क्लास केला, फी साडेचौदा हजार, तीन हप्त्यांत भरली. क्लासला नाव नाही, बाहेर बोर्ड नाही, अंबडच्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर चालतो आणि ॲडमिशन ओळखीतूनच होतं. सरांना नाव छापून आलेलं आवडत नाही म्हणून मीही लिहीत नाही. त्यांनी आयुष्य ओझरच्या विमान कारखान्यात इलेक्ट्रिकलमध्ये काढलं, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, कंपनीतलं काही विचारायचं नाही, मी सांगणारही नाही, इथे जे शिकवतो ते सगळं उघड छापलेल्या स्टँडर्डमधलं आहे, कोणीही वाचू शकतं.

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. हाताने काम करणाऱ्यांनी डोळे झाकून जावं. ज्यांना फक्त सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी जाऊ नये, कारण सर्टिफिकेट मिळतच नाही, सरांच्या सहीचा एक साधा कागद मिळतो आणि कुठलीही मोठी कंपनी तो धरणार नाही. आता सविस्तर.

सुरुवात फळ्यावर झाली. सरांनी मला पुढे बोलावलं, "ताई, दहा डबे काढा." काढले. मग म्हणाले रडारला कॉम्प्युटरशी बोलायचंय, कॉम्प्युटरला डिस्प्लेशी, नेव्हिगेशनला दोघांशीही, प्रत्येक डब्याला बाकी प्रत्येकाशी जोडा. जोडत गेले तर ४५ रेघा झाल्या आणि फळा नुसता कोळ्याचं जाळं दिसायला लागला. एकेका रेघेत कधी दोन वायरी कधी दहा, प्रत्येक वायरीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक पिन, आणि प्रत्येक पिन ही बिघाडाची एक जागा. जुन्या काळातल्या विमानांत असंच होतं, प्रत्येक यंत्राच्या वायरी वेगळ्या, बंडल मनगटाएवढे जाड, आणि विमानात वजन म्हणजे सगळ्यात महागडी गोष्ट. मग सरांनी फळा पुसला, एक आडवी रेघ मारली आणि दहाही डबे त्या एकाच रेघेला टांगले. हीच बस.

आम्ही बस म्हटलं की निमाणीचा बसस्टँड आठवणारी माणसं, पण ही बस म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी आणि त्यांच्यावर जाळीचं शील्ड, बास. तिचं स्टँडर्ड अमेरिकेच्या हवाई दलाने १९७३ साली काढलं, मिल म्हणजे मिलिटरी स्टँडर्ड १५५३, एफ-१६ या लढाऊ विमानावर पहिल्यांदा वापरलं, १९७५ ला ए आवृत्ती आली, १९७८ ला बी, आणि आजही जगभर मुख्यतः बी आवृत्तीचेच नियम चालतात. वेग सेकंदाला दहा लाख बिट, म्हणजे एक मेगाबिट. बॅचमधला एक पोरगा लगेच म्हणाला सर हे तर माझ्या मोबाईलपेक्षा किती स्लो आहे, मग अजून का वापरतात? सर म्हणाले तुझा मोबाईल उत्तर कधी देईल ते तुला माहीत असतं का? इथे माहीत असतं. ज्याला विचारलं त्याने ४ ते १२ मायक्रोसेकंदात उत्तर द्यायलाच पाहिजे, आणि विचारणारा निदान १४ मायक्रोसेकंद वाट बघणार, तोवर उत्तर नाही आलं तर पुढचा विचार करणार. विमान उडवताना वेगापेक्षा ही खात्री मोठी. मला हे इतकं पटलं की घरी जाताना लेखानगरच्या सिग्नलला थांबले तेव्हाही डोक्यात तेच चालू होतं.

बोलायची पद्धत सरांनी मुकादमाच्या उदाहरणाने समजावली आणि आमच्यासारख्यांना ती पटकन बसली. बसवर एकच मुकादम, त्याला बस कंट्रोलर म्हणायचं. बाकीचे सगळे रिमोट टर्मिनल, जास्तीत जास्त ३१, प्रत्येकाला नंबर. मुकादमाने नंबर घेऊन विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. पाच नंबर, तुझ्याकडची अमुक माहिती दे, इतके शब्द. पाच नंबर आधी आपली हालहवाल सांगणार म्हणजे स्टेटस, मग माहिती. एक शब्द २० मायक्रोसेकंदाचा, सुरुवातीला तीन बिटांच्या वेळाची एक खूण, मग १६ बिट मजकूर, शेवटी तपासणीचा एक बिट. एका निरोपात जास्तीत जास्त ३२ शब्द माहिती. मी वहीत हिशोब केला, विचारणं धरून, स्टेटस धरून, पूर्ण ३२ शब्दांचा निरोप एका मिलिसेकंदाच्या आतच संपतो. शिवाय सगळं दुहेरी, बस ए आणि बस बी, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने नेतात म्हणजे एका बाजूला मार लागला तरी दुसरी शाबूत राहावी, एका वेळी बोलणं मात्र एकीवरच.

ही थिअरी दीड दिवसात उरकली, आणि मला वाटतं बरोबरच केलं, कारण खरा क्लास पुढे होता.

पुढचे तीन आठवडे फक्त हात. पहिले दोन दिवस तर आम्ही नुसत्या वायरी सोलत होतो. पॅनलवाल्यांना वाटेल सोलण्यात काय शिकायचं, मलाही तेच वाटलेलं, पण आपण एक स्क्वेअर, दीड स्क्वेअरच्या पीव्हीसी वायरीवर हात बसवलेला असतो. इथे २२ गेज, २४ गेज, म्हणजे आपल्या भाषेत अर्धा स्क्वेअरसुद्धा नाही, आणि वरचं इन्सुलेशन टेफझेलचं, कडक आणि गुळगुळीत. आत चांदीचा किंवा कथलाचा मुलामा दिलेल्या १९ तारा. स्ट्रिपरचं पातं जरा चुकीच्या खाचेत गेलं की एक-दोन तारांना चरा पडतो. दिसत नाही. सर भिंगाखाली धरायचे आणि नुसतं "बघा" म्हणायचे. पॅनलमध्ये एखादी तार तुटली तर फेरूलमध्ये, म्हणजे टोकाच्या नळीत, दाबून पुढे जातो आपण, खरं सांगते मीही गेलेय, पण विमान थरथरतं, तास न् तास थरथरतं, आणि चरा पडलेली तार तिथेच तुटते, मग शेजारची. पहिल्या दिवशी माझे चाळीसपैकी अकरा तुकडे पास झाले. सोमवारी कंपनीत गेल्यावर मी स्वतःचा स्ट्रिपर बदलून घेतला, तेव्हापासून तिथलंही काम वेगळं होतंय, हा फायदा फीमध्ये धरला नव्हता.

मग क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकावर पिन दाबून घट्ट बसवणं. क्लासमध्ये एम२२५२० मालिकेचे दोन खरे टूल आहेत, फोर-इंडेंटवाले, म्हणजे पिनेला चारही बाजूंनी एकदम दाबतात. वर आठ नंबरचा सिलेक्टर, आणि प्रत्येक जातीच्या पिनेसाठी वेगळा पोझिशनर, म्हणजे पिन जागेवर धरणारा तुकडा, लावायचा. पूर्ण दाबल्याशिवाय टूल उघडतच नाही, मधेच सोडून द्यायची सोय नाही. पिनेच्या बुडाला एक बारीक भोक असतं, क्रिंप केल्यावर त्यातून तारा दिसल्याच पाहिजेत, नाही दिसल्या तर वायर आत पोचलीच नाही. मागे इन्सुलेशन आणि पिनेमध्ये किंचित फट, फार नाही, अजिबात नाही असंही नाही. रोज सकाळी टूल गेजने, म्हणजे दोन बाजूंच्या मापाच्या दांडीने, तपासायचं, बंद केल्यावर गो बाजू गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये, आणि वहीत सही. सही राहिली की त्या दिवशी ते टूल कोणाला मिळायचं नाही, एकदा तर यामुळे अख्खा तास गेला पण सर हलले नाहीत.

इथे एक सांगायलाच पाहिजे कारण पैसे वाया जातात. क्लासच्या आधी मी उत्साहात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून याच टूलसारखं दिसणारं टूल २८०० रुपयांना घेतलेलं, फोटो अगदी सेम, डब्बा सेम. सरांनी गेज लावला तर नो-गो सरळ आत. म्हणजे दाब कमी पडतोय. त्यावर केलेल्या पाच पिना ओढून बघितल्या, दोन हातात आल्या. बघायला पाचही सुंदर होत्या, भोकातून तारा दिसत होत्या, सगळं होतं. रिटर्नची मुदत संपलेली आणि विक्रेत्याने फोन उचलायचं बंद केलं. तर क्लासला जाणाऱ्यांनी आधी काही खरेदी करू नका, बारीक कटर आणि चांगली चिमटी सोडून.

शील्डचा आठवडा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात भारी. बसची केबल म्हणजे निळी आणि पांढरी अशी पीळ दिलेली जोडी, वर जाळी, वर जॅकेट. पीळ का, तर बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच येतो आणि दोघींतला फरक मोजला की तो कटतो. पीळ उलगडला की ती जागा गोंगाटाला उघडी. म्हणून कनेक्टरजवळ पीळ जितका शेवटपर्यंत नेता येईल तितका न्यायचा. जाळीचं पण तसंच, आपण पॅनलमध्ये जाळी गोळा करून तिची शेपटी वळतो आणि अर्थच्या पट्टीला टाकतो, इथे शेपटी म्हणजे चूक, जाळी कनेक्टरच्या अंगाला चहूबाजूंनी बसली पाहिजे, गळ्यातल्या ठुशीसारखी. जाळीचे केस सुईने विंचरून सारखे पसरवायचे, एकही केस आत जोडीला टेकता कामा नये. माझी पहिली टर्मिनेशन, म्हणजे केबलचं टोक कनेक्टरला बसवणं, चार वेळा कापून टाकावी लागली. आमच्या बॅचमध्ये गंगापूर रोडची एक ताई होती, आधी पैठणीवर हातमागाचं काम केलेली, तिची दुसऱ्याच प्रयत्नात अशी बसली की सरांनी ती कापू दिली नाही, नमुना म्हणून टेबलावर ठेवली. अजूनही आहे.

बांधणीला झिप टाय नाहीत, मेण लावलेली सपाट दोरी, आधी क्लोव्ह हिच आणि वर स्क्वेअर नॉट अशा दोन गाठी. टायची कापलेली टोकं शेजारच्या इन्सुलेशनला खातात आणि आवळताना कळत नाही किती आवळला. वळण देताना जाडीच्या निदान १० पट गोलाई ठेवायची. हे एका दिवसात झालं.

आता टेबलाबद्दल, ज्याच्यासाठी मी परत फी भरून बसायला तयार आहे. दारापासून खिडकीपर्यंत एक लांब प्लायवूड, त्याच्या कडेने साधारण सहा मीटर बस केबल, दोन्ही टोकांना सिग्नल परत फिरू नये म्हणून टर्मिनेटर, दिसायला करंगळीएवढे आणि आत फक्त ७८ ओमचा रेझिस्टन्स. मधे चार कपलर, काडेपेटीएवढ्या धातूच्या डब्या, आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि दोन रेझिस्टन्स. कपलरपासून यंत्रापर्यंत जी फांदी जाते तिला स्टब म्हणतात, ट्रान्सफॉर्मरवाली असेल तर २० फुटांपर्यंत चालते, सरळ जोडलेली असेल तर फक्त एक फूट. लॅपटॉपला लावलेलं एक कार्ड मुकादम आणि तीन कार्ड टर्मिनल. एक स्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र.

सर टेबल चालू करायचे, सगळं बोलतंय दाखवायचे, मग आम्हाला बाहेर गॅलरीत पाठवून एक बिघाड करून ठेवायचे. शोधा. अंदाज सांगायचा नाही, आधी मोजायचं मग बोलायचं.

पहिला बिघाड आम्हाला दीड तास सापडला नाही. तीन नंबरचं टर्मिनल मुकं. मीटरने बघितलं तर सगळ्या वायरी जोडलेल्या, शॉर्ट नाही, ओपन नाही, स्कोपवर सिग्नल पण मस्त येतोय, उंची बरोबर. शेवटी आमच्यातल्या एका दादाने स्कोपवर त्या सुरुवातीच्या खुणेकडे बोट दाखवलं. बसवर शून्य आणि एक हे आधी वर मग खाली की आधी खाली मग वर यावरून ओळखतात, आणि हुकमाच्या शब्दाची खूण आधी वर असते तर माहितीच्या शब्दाची आधी खाली. आमच्या स्टबवर निळी-पांढरी उलट लागलेली. म्हणजे टर्मिनलला प्रत्येक हुकूम हा माहितीचा शब्द वाटत होता, आपल्याला कोणी हाक मारतंय हेच त्याला कळत नव्हतं. आणि मग सरांनी दुसऱ्या टोकालाही उलट करून दाखवली तर सगळं चालायला लागलं! दोन चुका मिळून बरोबर. हे जास्त भयंकर कारण पुढे कोणी एक टोक दुरुस्त करेल आणि नीट चालणारं बंद पडेल आणि तो बिचारा म्हणत बसेल मी तर ड्रॉइंगप्रमाणे केलं.

टर्मिनेटर काढण्याचा प्रयोग पण लिहिते कारण त्यात माझा समज पूर्ण बदलला. सरांनी एका टोकाचा टर्मिनेटर काढला आणि आम्हाला वाटलं आता सगळं बंद पडणार. नाही पडलं. निरोप चालूच, उलट स्कोपवर उंची वाढलेली. सहा मीटरच्या टेबलावर परत फिरून येणारा सिग्नल इतक्या लवकर येतो की दिसतच नाही, दोनऐवजी एकच भार उरला म्हणून व्होल्टेज तेवढं वाढतं. मग सरांनी कोपऱ्यातलं ३० मीटरचं केबलचं वेटोळं मधे जोडलं. आता तोच बिघाड दिसायला लागला, प्रत्येक चढ-उताराच्या मागे एक पायरी, साधारण ३०० नॅनोसेकंदांनी, आणि अर्धा बिटच मुळात ५०० नॅनोसेकंदांचा. लहान टेबलावर पास झालेली गोष्ट मोठ्या विमानात पास होईलच असं नाही हे त्या वेटोळ्याने शिकवलं. पॅनलच्या टेस्टिंगला मी आता वेगळ्या नजरेने बघते.

मग स्टबच्या दोन वायरींत स्क्रूड्रायव्हर घालून शॉर्ट. ते एक टर्मिनल गप्प झालं, बाकी सगळे बोलत राहिले, कारण कपलरमधले ते दोन रेझिस्टन्स शॉर्ट मुख्य बसपर्यंत पोचू देत नाहीत. तोच स्क्रूड्रायव्हर मुख्य केबलवर, बस ए संपली, एकदम. आणि लॅपटॉपवर बघता बघता मुकादमाने तेच प्रश्न बस बीवर विचारायला सुरुवात केली. कोणी बटण दाबलं नाही. गाळ्यात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. लढाईत गोळी लागून एक केबल तुटली तर आत नेमकं काय होतं ते आम्ही प्लायवूडवर बघितलं होतं.

पत्त्याच्या पिना हा बिघाड मात्र मला सापडला, म्हणून विसरणार नाही. टर्मिनलचा नंबर त्याच्या कनेक्टरच्या पिनांवरच ठरतो, पाच पिना नंबरच्या आणि एक तपासणीची, क्लासच्या कार्डात जमिनीला म्हणजे अर्थला जोडली तर शून्य, मोकळी सोडली तर एक, आणि सगळे मिळून एक विषम आले पाहिजेत. पाच नंबरचं टर्मिनल गायब होतं. मागचं कव्हर उघडून मोजलं तर जी पिन जमिनीला पाहिजे होती तिचा जंपर आत बसलाच नव्हता, टिक असा आवाज येतो बसताना तो आला नसणार. त्यामुळे नंबर झाला सात, तपासणी चुकली आणि टर्मिनलने बोलायचंच नाकारलं. मला ते फार आवडलं, चुकीच्या नावाने बोलण्यापेक्षा गप्प बसणारं यंत्र. तपासणीची पिन नसती तर पाचचं टर्मिनल सात नंबर म्हणून बोललं असतं आणि मग कोणाचा आकडा कोणाला.

आता तक्रारी. स्कोप एकच आणि आम्ही दहा जण. सांगताना आठची बॅच सांगितली होती, दोन वाढवले, त्यामुळे टेबलाच्या दिवसांत प्रत्येकाला स्कोपवर जेमतेम वीस मिनिटं मिळायची. मी सरांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले दोघांना नाही म्हणता आलं नाही. समजू शकते पण फी सगळ्यांनी सारखी भरली होती. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आकृत्यांमधले आकडे वाचताच येत नाहीत, मी आणि त्या दादाने मिळून सगळ्या पुन्हा हाताने काढल्या. इंग्रजी नोट्स आणि मराठी शिकवणं हे मला जमलं, दोन पोरांना जमलं नाही, त्यांच्यासाठी शब्दांची एक यादी जरी दिली असती तरी चाललं असतं. जिना अरुंद आणि बायकांसाठी टॉयलेट खालच्या गाळ्यात, रविवारी ते कुलूप लावून जातात, हे लगेच सुधारायला पाहिजे, तिसऱ्या रविवारनंतर किल्ली मागून ठेवली पण ती आम्हीच.

आणि शिकवण्यात एक मोठी उणीव, १५५३ सोडून बाकीचं फार घाईत. अरिंक ४२९ या दुसऱ्या बसला एकच तास दिला. ती प्रवासी विमानांतली पद्धत, पण लढाऊ आणि लष्करी विमानांतही सापडते, एक बोलणारा आणि २० पर्यंत ऐकणारे, उलट उत्तर द्यायचं तर वेगळी जोडी टाकायची, ३२ बिटांचा शब्द, वेग सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट. हार्नेसचं, म्हणजे वायरींचे तयार बंडल बनवायचं, काम मिळालं तर ही पण हाताखाली येणारच. फायबरचं, म्हणजे प्रकाशाने निरोप नेणाऱ्या काचेच्या तारेचं, तर नुसतं नाव घेतलं, युरोफायटर या लढाऊ विमानावर १५५३ च्या जोडीला २० मेगाबिटची फायबर बस आहे आणि एफ-३५ ने फायरवायर ही कॉम्प्युटरची पद्धत घेतली एवढं सांगून पुढे. पुढच्या बॅचला निदान एक दिवस यासाठी ठेवावा असं मी लेखी दिलंय.

तरीही का जावं म्हणते? कारण आपल्या गावात हे काम आहे आणि ते काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी सुरू झाला, माझे सासरे सांगतात त्यांच्या लहानपणी शेतात असताना वरून विमान गेलं की सगळे काम थांबवून बघायचे. त्या मिग-२१ पैकी काहींचं पुढे बायसन हे सुधारित रूप झालं तेव्हा त्यात १५५३ बस आली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला ती विमानं हवाई दलातून निवृत्त पण झाली. सुखोई-३० एमकेआय पण ओझरचंच, रशियन विमान आणि त्यात फ्रान्सची, इस्रायलची, आपली अशी वेगवेगळ्या देशांची यंत्रं, ती एकमेकांशी बोलतात कशी हा प्रश्न मला आधी पडलाच नव्हता. भाषा एक ठरली म्हणून बोलतात. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क वन-ए उडालं, तेव्हा आमच्या कंपनीत सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, आणि तेजसमध्ये पण हीच १५५३ बी. आता ते बघताना मला त्याच्या आत कुठेतरी निळी-पांढरी जोडी दिसते, आणि तिचा पीळ कनेक्टरपर्यंत नीट नेणारी कोणीतरी बाई दिसते.

नोकरीचं विचाराल तर क्लास नोकरी लावून देत नाही, तसं सांगतही नाही. माझं एवढंच झालं की हार्नेस करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये इंटरव्ह्यूला गेले, त्यांनी प्रश्न विचारलेच नाहीत, एक केबल आणि एक कनेक्टर समोर ठेवला आणि चाळीस मिनिटं दिली. मी जाळी विंचरायला सुई मागितली तेव्हा समोरचे साहेब पहिल्यांदा हसले. पगार आत्तापेक्षा बाराशेने कमी सांगतायत सहा महिने, त्यामुळे घरात अजून विचार चाललाय. कामाच्या बाजूने माझं मन झालेलं आहे.

जाणाऱ्यांसाठी. बॅच पावसाळ्यानंतर आहे असं सर म्हणाले. एक्स्लो पॉइंटवरून आत रिक्षा मिळते पण रविवारी संध्याकाळी परत येताना मिळत नाही, गाडी न्या किंवा आधीच कोणाशी ठरवा. डबा न्यायचा, आसपास रविवारी फक्त वडापाव आणि चहा. चष्मा असेल तर जवळचा नंबर तपासून घ्या, २४ गेजच्या तारा मोजायच्या आहेत. नखं कापून जा, केस बांधून, आणि बांगड्या घरी ठेवून, टेबलावर हात घालताना त्या अडकतात. आणि पहिल्या दिवशी चाळीसपैकी चाळीस तुकडे फेल झाले तरी दुसऱ्या दिवशी जायचंच, आमच्यातला एक जण तिथेच क्लास सोडून गेला, आणि मला अजून वाटतं त्याचा हात चांगला होता.